जपानमध्ये औषध घ्यायला जाताना: आधी प्रश्न शिका

पुण्यात जपानी भाषेची एन-फाइव्ह ही सगळ्यात सोपी परीक्षा देऊन मी जून २०२४ मध्ये तोक्योला आले. नवऱ्याची नोकरी इथली, घर निशिकासाईत आणि सोबत साडेतीन वर्षांचा मुलगा. पुस्तकातल्या जपानीवर स्टेशन, दुकान, हॉटेल निभावत होतं. आजारपणाचं जपानी मात्र 'डोकं दुखतं', 'ताप आहे' इथवर येऊन थांबलं होतं. पुढच्या वर्षभरात फार्मसीच्या काउंटरवर जे शिकत गेले ते क्रमाने लिहून ठेवतेय. लहान मूल घेऊन इथे येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच हिवाळ्यात याची गरज पडते.

तयारी खरं तर पुण्यातच सुरू होते. औषधांची पिशवी भरताना जपानचे नियम आधी वाचा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापुरती आणि साधी, चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांपुरती, एवढंच विनापरवानगी आणता येतं. आपल्याकडे सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. यांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे असेल तर ती आधी परवानगी घेतल्याशिवाय जपानमध्ये आणता येत नाहीत. आमच्या ओळखीच्या केमिस्टकाकांनी प्रत्येक पाकिटामागचे घटक माझ्यासोबत बसून वाचले आणि दोन औषधं बाजूला काढली. तेव्हाच मी एका कागदावर घरातल्या सगळ्या औषधांची मूळ नावं लिहिली, कंपनीची नावं नव्हे. तो कागद पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

आल्यावर पहिले दोन महिने कागदपत्रांत गेले. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्त्याची नोंद करावी लागते. नवऱ्याच्या कंपनीतर्फे आमची आरोग्यविम्याची कार्डं यायला साधारण तीन आठवडे लागले. मुलाचं कार्ड हातात आल्याशिवाय वॉर्डाच्या 'इर्योशो'साठी, म्हणजे मुलांच्या वैद्यकीय सवलतीच्या पत्रासाठी, तेव्हा अर्ज करता येत नव्हता. हे पत्र आवर्जून घ्या. विम्यानंतर मोठ्यांना बिलाचे तीस टक्के भरावे लागतात. तोक्योच्या २३ वॉर्डांत मुलांचा तोही भाग वॉर्ड भरतो, दवाखान्यातही आणि औषधांवरही. पत्र पोस्टाने आलं. ते येईपर्यंत पैसे भरावे लागले तर पावत्या जपून ठेवा, मागून परत मिळतात. तोक्योबाहेर हे पत्र चालत नाही. तिथेही आधी भरायचे आणि मग मागायचे.

जुलैत नवऱ्याचं डोकं उठलं आणि मी एकटीच औषधाच्या दुकानात गेले. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा कळलं. साबण, शाम्पू, बिस्किटांसकट गोळ्या विकणारं मोठं दुकान म्हणजे 'दोराग्गु सुतोआ'. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देणारी ती 'च्योझाई याक्क्योकु', आणि ती बहुधा दवाखान्याच्या दारातच असते. काही मोठ्या दुकानांत दोन्ही असतं. दुकानात डोकेदुखीच्या औषधांचा अख्खा कप्पा होता, पण मला हव्या त्या 'लोक्सोनिन एस'च्या जागी नुसतं रिकामं खोकं ठेवलेलं. पहिल्या वर्गाची औषधं फक्त फार्मासिस्टच विकू शकतात आणि संध्याकाळी सात वाजता फार्मासिस्ट घरी गेलेले होते. काउंटरवरच्या बाईंनी हे मला फार शांतपणे, दोनदा सांगितलं. तेव्हापासून मी आत शिरल्यावर पहिलं वाक्य हे म्हणते:

याकुझाइशी-सान वा इमासु का? (फार्मासिस्ट आहेत का?)

(मी 'झ' लिहिलंय तिथे 'जवळ'मधला ज म्हणा. मराठी तोंडाला तो आपसूक येतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर फार्मासिस्ट होते. त्यांनी वय विचारलं, पोटात अल्सर झालाय का, दमा आहे का, दुसरं काही औषध चालू आहे का, सगळं विचारून मगच सातशे येनच्या आसपासचं ते पाकीट दिलं. 'अल्सर'चा शब्द मला समजला नाही, तेव्हा त्यांनी पोटाचं चित्र काढून त्यावर एक ठिपका दिला.

घरी येताना मनात एक गोष्ट पक्की झाली. मी पाठ करून गेले होते ते काय बोलायचं, आणि अडले ते समोरच्याच्या प्रश्नांपाशी. फार्मसीत आपल्याला फारसं बोलावं लागतच नाही. चिठ्ठी पुढे केली की पुढचे प्रश्न तेच विचारतात, आणि जवळजवळ दर वेळी तेच प्रश्न त्याच क्रमाने येतात. म्हणून वाक्यं पाठ करण्याआधी ते प्रश्न ओळखायला शिका.

सप्टेंबरपासून मी वॉर्डातल्या स्वयंसेवकांच्या जपानी वर्गाला जाऊ लागले. वर्गातल्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, सत्तरीच्या, अतिशय प्रेमळ. 'मला फार्मसी शिकवा' म्हटल्यावर त्यांनी धडा बाजूला ठेवला, स्वतः फार्मासिस्ट झाल्या आणि मला खऱ्या वेगाने प्रश्न विचारू लागल्या. हा सराव मी कुणालाही सुचवेन. त्यातून उतरवलेले प्रश्न असे:

हाजिमेते देसु का? (पहिल्यांदाच आलात का?)
ओकुसुरी तेच्यो वा ओमोची देसु का? (औषधांची वही आणलीये का?)
आरेरुगी वा आरिमासु का? (कशाची ॲलर्जी आहे का?)
होका नी नोन्दे इरु कुसुरी वा आरिमासु का? (आणखी काही औषध चालू आहे का?)
जेनेरिक्कु दे योरोशिई देसु का? (जेनेरिक चालेल का?)

बायकांना 'निन्शिन-च्यू' (गरोदर) आणि 'ज्युन्यू-च्यू' (अंगावर पाजताय) हेही विचारतात. मुलांसाठी 'ताइज्यू वा नान किरो देसु का', वजन किती किलो, कारण डोस वजनावर ठरतो. घरून निघण्याआधी मुलाचं वजन करून घ्या. आणि 'कोना' म्हणजे पूड की 'शिरोप्पु' म्हणजे पातळ औषध, हेही विचारतील.

पहिल्यांदा गेलं की हेच सगळं एका कागदावर भरूनही मागतात. त्यात अंडं, दूध, सोबा (कुट्टू) यांच्या ॲलर्जीच्या चौकटी असतात, धूम्रपान, दारू आणि गाडी चालवता का हेही असतं. एकदा घरी नेऊन शब्द शोधून भरला आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवला की पुढच्या प्रत्येक फार्मसीत त्यावरून उतरवून काढता येतो.

उत्तर देताना एक पथ्य पाळा. 'दाइजोबु देसु' हे शब्द फार्मसीत वापरू नका. त्याचा अर्थ 'चालेल' असाही होतो आणि 'नको' असाही. 'हाय' (हो), 'इइए' (नाही), 'आरिमासु' (आहे), 'आरिमासेन' (नाहीये) एवढंच स्वच्छ म्हणा. आणि समजलं नसेल तर मान डोलावू नका. त्या वेळी ही दोन वाक्यं: 'मो इचिदो, युक्कुरी ओनेगाई शिमासु' (पुन्हा एकदा, सावकाश सांगा) आणि 'कोको नी काइते कुदासाई' (इथे लिहून द्या). लिहून मागितल्यावर आजवर कुणीही नाराज झालेलं नाही. उलट बहुतेक जण आपणहून हिरागाना या सोप्या लिपीत लिहितात.

लक्षणं सांगताना वाक्यरचना मराठीच्या जवळची आहे याचा फार आधार वाटतो. 'किनो कारा नोदो गा इताई देसु' म्हणजे 'कालपासून घसा दुखतोय', शब्द अगदी त्याच क्रमाने. आणि दुखण्याच्या तऱ्हा सांगायला जपानीत आपल्यासारखेच जोडशब्द आहेत. ठणकत असेल तर 'झुकीझुकी', चुरचुरत असेल तर 'हिरीहिरी', मळमळत असेल तर 'मुकामुका', पोटात कळ येत असेल तर 'किरीकिरी', अंगात शिरशिरी असेल तर 'झोकुझोकु'. दुखतंय तिथे बोट ठेवून यातला एक शब्द म्हटला तरी समोरच्याला पुरेसं कळतं.

नोव्हेंबरात मला सर्दी झाली. डॉक्टरांनी काक्कोन्तो नावाचं काम्पो, म्हणजे जपानी वनौषधींचं चूर्ण दिलं. त्यात सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध आहे हे ऐकून घरी सगळ्यांना बरं वाटलं. पण त्यात माओ म्हणजे एफेड्राही असतो, तेव्हा रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. पुडीच्या पिशवीवर लिहिलं होतं 'शोक्कान'. अक्षरं बघितली तर 'जेवण' आणि 'मध्ये', म्हणजे जेवता जेवता घ्यायचं असं कुणालाही वाटेल. त्याचा अर्थ आहे दोन जेवणांच्या मध्ये, जेवणानंतर साधारण दोन तासांनी. फार्मासिस्टनी घड्याळाच्या चित्रावर खूण करून दाखवलं. सोबत हेही पाठ करा: 'शोकुझेन' जेवणाआधी, 'शोकुगो' जेवणानंतर, 'नेरु माए' झोपताना, 'तोम्पुकु' त्रास झाला तरच. किती दिवसांचं औषध आहे तेही ऐका. 'योक्काबुन' म्हणजे चार दिवसांचं आणि 'योओकाबुन' आठ दिवसांचं. कानाला दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून मी बोटं दाखवून खात्री करून घेते.

त्याच खेपेला औषधांची वही मिळाली, ओकुसुरी तेच्यो. फुकट मिळते, मुलांसाठी चित्रांची असते. दर वेळी दिलेल्या औषधांचं स्टिकर तीत लावतात. घरात प्रत्येकाची वेगळी करा. मुखपृष्ठाच्या आत मी ॲलर्जी, जुने आजार आणि पुण्याहून आणलेल्या औषधांची मूळ नावं काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहिली. तीन महिन्यांच्या आत त्याच फार्मसीत ती दाखवली तर फीसुद्धा थोडी कमी पडते.

आणि मग डिसेंबर. तो शेवटचा आठवडा तोक्योत राहणाऱ्या कुणाच्याही लक्षात असेल, इन्फ्लुएंझाची साथ तेव्हा देशभर शिगेला पोचली होती. गुरुवारी, २६ डिसेंबरला संध्याकाळी मुलाला ताप भरला, रात्री ३९.४ अंश सेल्सिअस. आमच्या इमारतीत सोलापूरच्या एक ताई राहतात, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, आत्ता धावू नकोस, ताप आल्या आल्या टेस्टमध्ये फ्लू दिसत नाही कधी कधी. पाणी पाज, आणि सकाळी सातला फोनवरून नंबर लाव. उद्या दवाखान्यांचा शेवटचा दिवस आहे, मग चार तारखेपर्यंत सगळं बंद." रात्री काळजी वाटली तर '#८०००' या मुलांसाठीच्या सल्ल्याच्या नंबरवर फोन करायचा, हेही त्यांनीच सांगितलं. तो लागला नाही, इतका व्यस्त होता. ती रात्र मी थर्मामीटर हातात घेऊन काढली.

सकाळी नंबर लागला तो अकरा वाजताचा. टेस्टमध्ये फ्लू निघाला. हातात 'शोहोसेन', म्हणजे चिठ्ठी आली. तिची मुदत दिल्या दिवसासकट चारच दिवस असते, आणि पुढे सुट्ट्या. दारातल्या फार्मसीत चिठ्ठी दिली. वीस-पंचवीस मिनिटांनी फार्मासिस्ट बाहेर आल्या आणि एक शब्द म्हणाल्या जो माझ्या वहीत नव्हता: 'झाइको'. साठा. मुलांसाठीचं तामिफ्लूचं, म्हणजे फ्लूवरच्या औषधाचं, गोड चूर्ण संपलं होतं. मी 'कोको नी काइते कुदासाई' म्हटलं. त्यांनी दोन पर्याय लिहून दिले. दुसऱ्या फार्मसीत फोन करून बघू, किंवा मोठ्यांच्या कॅप्सूल उघडून त्यातली पूड मुलाच्या वजनाप्रमाणे तोलून पुड्या करू, डॉक्टरांना विचारून. त्यांनी माझ्यासमोर फोन केले, कुठेच नव्हतं. मग डॉक्टरांशी बोलून पुड्या केल्या. दीड तास गेला. मूल मांडीवर झोपलेलं, अंग तव्यासारखं तापलेलं. पण काय चाललंय हे मला कळत होतं, आणि त्यामुळे तो दीड तास निभावला.

पुड्या देताना त्यांनी सावकाश सांगितलं: 'इचिनिची निकाई, आसा-यू शोकुगो, इत्सुकाबुन'. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, पाच दिवस. ताप उतरला तरी पाचही दिवस. पूड कडू आहे, तेव्हा चॉकलेट आइस्क्रीममध्ये कालवून द्या. ताप फार वाढला आणि मूल अस्वस्थ असलं तर गुदद्वारातून द्यायचं 'झायाकु' दिलं होतं, ते फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दोन वेळांत किमान सहा तासांचं अंतर ठेवायचं.

मी पर्समधून पुण्याची क्रोसिनची बाटली काढली आणि विचारलं, 'कोरे तो इश्शो नी त्सुकात्ते मो ईई देसु का?' हे सोबत वापरलं तर चालेल का? त्यांनी माझ्या कागदावरचं मूळ नाव वाचलं आणि दोन्ही हातांनी फुली केली. 'ओनाजी सेइबुन देसु', घटक तोच आहे. आपलं पॅरासिटामॉल म्हणजे इथलं 'आसेतोआमिनोफेन', आणि झायाकुतही तेच होतं. दोन्ही दिलं असतं तर डोस दुप्पट झाला असता. हा प्रश्न प्रत्येकीने विचारावा म्हणून मी एवढं सविस्तर लिहितेय. भारतातून आणलेली बाटली पर्समध्ये घेऊनच फार्मसीत जा.

सगळ्यात शेवटी त्या आणखी काहीतरी गंभीर चेहऱ्याने बोलल्या. त्यातून मला फक्त 'मादो' आणि 'कागी' हे दोन शब्द कळले. खिडकी आणि कुलूप. फार्मसीत खिडकीचा काय संबंध, असं वाटून मी पुन्हा लिहून मागितलं. फ्लूमध्ये काही मुलं तापात अचानक उठून धावतात, दार-खिडकी उघडतात. औषध कुठलंही असो किंवा नसो, तरी हे होऊ शकतं. म्हणून ताप आल्यापासून किमान दोन दिवस मुलाला एकटं सोडायचं नाही, खिडक्या आणि बाल्कनीचं दार बंद ठेवायचं. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. घरी पोचल्यावर नवऱ्याने आधी बाल्कनीची कडी लावली आणि दोन रात्री आम्ही आळीपाळीने जागलो. तसं काही झालं नाही, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ते दोन शब्द कानातून निसटले असते तर ही सूचनाही निसटली असती. याचसाठी मी म्हणते, ऐकायला शिका.

बिल शून्य येन. मुलाचं विमा कार्ड आणि इर्योशो, दोन्ही दाखवलं होतं.

फेब्रुवारीत 'सुगी' नावाच्या जपानी सीडर झाडांचे परागकण सुरू झाले आणि माझे डोळे खाजायला लागले, 'मे गा कायुई देसु'. हा त्रास इथे इतक्यांना असतो की 'काफुन्शो देसु' (परागकणांची ॲलर्जी आहे) एवढं म्हटलं तरी पुढचं सगळं आपोआप होतं. विचारायचा प्रश्न एकच: 'नेमुकु नारिमासु का?' झोप येते का? मूल सांभाळणाऱ्यांनी किंवा सायकल चालवणाऱ्यांनी झोप न आणणारं औषध मागून घ्यावं. दवाखाना आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या मिळून तीन हजार येनच्या आत झालं. आम्ही शाकाहारी आहोत, म्हणून 'काप्पुसेरु नी झेराचिन गा हाइत्ते इमासु का' हेही विचारते. कॅप्सूल बहुधा जिलेटिनच्याच असतात, पण त्याच औषधाची गोळी किंवा पूड असेल तर बदलून मिळते. तसं काही नसेल तर मात्र हट्ट करत नाही, औषध घेते.

एप्रिलमध्ये सासूबाई-सासरे साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आले. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या, म्हणजे महिन्याच्या मर्यादेबाहेर. अशा वेळी निघण्याआधी 'युन्यु काकुनिन-शो' नावाचं परवानगीपत्र घ्यावं लागतं. हानेदा किंवा नारिताला उतरणाऱ्यांचा अर्ज कान्तो-शिन्एत्सु विभागाच्या आरोग्य कार्यालयाकडे जातो. ऑनलाइन भरता येतो. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव आणि एकूण संख्या, विमानाची तारीख एवढं लागलं. एकदा त्यांनी गोळ्यांची संख्या आणि चिठ्ठीवरचा डोस जुळत नाही म्हणून परत विचारलं, मग साताऱ्याच्या डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी मागवली. सगळं धरून दोन आठवड्यांच्या आसपास गेले. तेव्हा तिकीट काढल्याबरोबर अर्ज करा. पत्राची छापील प्रत बाबांच्या हातातल्या बॅगेत ठेवली होती, कस्टमला दाखवली.

पाहुण्यांना इथला विमा नसतो, त्यामुळे दवाखाना आणि चिठ्ठीवरचं औषध पूर्ण किमतीला पडतं. प्रवासाचा विमा काढूनच बोलवा. बाबांसाठीही मी एक ओकुसुरी तेच्यो घेतली, तीत 'आमुरोजिपिन' (आपलं ॲम्लोडिपिन) आणि डोस लिहिला, आणि शेजारी आमचा फोन नंबर. रोज सकाळी फिरायला जाताना ती त्यांच्या खिशात असायची.

आता पुढचं काम मायनंबर कार्डाचं, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्राचं. २ डिसेंबर २०२४ पासून नवी विमा कार्डं देणं बंद झालंय, आमची जुनी १ डिसेंबर २०२५ पर्यंतच वैध होती. आता फार्मसीच्या यंत्रावर मायनंबर कार्ड ठेवायचं आणि चेहरा दाखवायचा किंवा चार आकडी पिन टाकायचा. यंत्र पुढे विचारतं, जुन्या औषधांची माहिती फार्मासिस्टला बघू द्यायची का? 'दोई शिमासु' म्हणजे संमती आहे. मी ते दाबते, आणि वहीसुद्धा नेते.